गिटारचा रियाज, पेटीची पट्टी आणि खंजिरीचा ठेका

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रस भागात आता बऱ्याच गावांत एखादी तरी गिटार दिसते. कुणाचा पोरगा पुण्याला शिकायला गेला तो येताना घेऊन येतो, कुणी ऑनलाइन मागवतो, कुणाला मामा घेऊन देतो, आणि मग दोन-चार महिन्यांत त्यातल्या बऱ्याच गिटारी माळ्यावर जातात. मला हे पाहून खरंच वाईट वाटतं, कारण पोरं मेहनत करत नाहीत असं अजिबात नाही, तास तास बसतात, बोटं लाल करून घेतात, पण मेहनत भलत्याच जागी जाते. "दादा, रोज किती वेळ वाजवायची?" हा प्रश्न तर प्रत्येक जण विचारतो. माझं म्हणणं असं की किती वेळ हे नंतर बघू, आधी त्या वेळात नेमकं काय करायचं ते ठरवू. वीस मिनिटं सकाळी आणि वीस मिनिटं रात्री, एवढं रोज झालं तरी खूप होतं, फक्त ती वीस मिनिटं जिथं हात अडतो तिथंच गेली पाहिजेत, हळू गेली पाहिजेत, आणि ठेक्यात गेली पाहिजेत. आणि जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर गावातल्या वाजवणाऱ्या माणसांत जाऊन बसलं पाहिजे. बाकी सगळं मी याच्याच भोवती सांगणार आहे.

पण त्याआधी गिटार. ती जर वाजण्याजोगीच नसेल तर तुम्ही कितीही रियाज करा, बोटं सोलून निघतील आणि तुम्हाला वाटेल आपल्यातच काही कमी आहे. मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या बारीक पट्ट्यांना फ्रेट म्हणतात, त्यातल्या बाराव्या फ्रेटपाशी सगळ्यात जाड तार आणि फ्रेट यांच्यामधलं अंतर शाळेच्या फूटपट्टीनं मोजा. अकॉस्टिक गिटारला ते साधारण दोन ते अडीच मिलिमीटर असलं की ठीक. त्याच्या बरंच वर असेल तर तार दाबायला विनाकारण जोर लागतो आणि सुरुवात करणारा माणूस तिथंच हरतो. खाली ब्रिजवर जी छोटी पांढरी पट्टी असते ना, जिच्यावरून तारा जातात, तिला सॅडल म्हणतात, ती काढून खालच्या बाजूनं पॉलिश पेपरवर सपाट घासली की तारा खाली येतात. हिशोब एवढाच लक्षात ठेवायचा की बाराव्या फ्रेटवर एक मिलिमीटर कमी करायचं असेल तर सॅडल दोन मिलिमीटर घासावी लागते, आणि एकदा घासलेली परत येत नाही, म्हणून थोडी घासा, लावून बघा, परत थोडी घासा. हात धजत नसेल तर नागपूर-अमरावतीला जाल तेव्हा वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडून करून घ्या. आणि तारांचा सेट घेताना 'एक्स्ट्रा लाइट' मागा, म्हणजे पहिली तार ०.०१० इंचाची (गिटारच्या तारा पातळीकडून जाडीकडं मोजतात, पहिली सगळ्यात पातळ). पातळ तारेवर सुरुवातीचे महिने सोपे जातात, आवाज थोडा बारीक येतो पण चालतं.

आता आपल्याकडचा उन्हाळा. गिटार बनवणारे लोक सांगतात की लाकडासाठी हवेत पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के आर्द्रता चांगली. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि हवा एवढी कोरडी होते की लाकूड आकसतं, फ्रेटच्या तारांची टोकं मानेच्या कडेनं बाहेर येऊन हाताला टोचायला लागतात, वरची फळी थोडी बसते, तारा खाली येतात आणि फ्रेटवर घासून खर्रर्र आवाज येतो. पावसाळ्यात उलटं होतं, लाकूड फुगतं, तारा वर जातात, दाबायला जड होतात. म्हणजे मे महिन्यात जी गिटार खरखरते आणि ऑगस्टमध्ये जी जड वाटते ती बिघडलेली असेलच असं नाही, हवा बदलली आहे. टिनाच्या घरात भिंतीला टांगून ठेवू नका, दुपारी वरच्या टिनाखाली एवढं तापतं की गोंद सुटायची भीती असते. कूलरच्या झोतासमोरही नको, तासभर ओली हवा आणि कूलर बंद झाला की परत कोरडीठाक, हे लाकडाला सोसत नाही. खोलीच्या आतल्या भिंतीला, जिला बाहेरून ऊन लागत नाही, तिथं कव्हरमध्ये घालून उभी ठेवायची. आणि वाजवून झाल्यावर तारा सुती कापडानं पुसायच्या, घामानं तारा लवकर गंजतात.

तर रियाज. निंदायला जाताना आपण अख्ख्या वावरात सारखा विळा फिरवत नाही, जिथं गवत आहे तिथं बसतो, तसंच इथं करायचं. पोरं काय करतात, गाणं पहिल्यापासून सुरू करतात, तिसऱ्या ओळीवर एफ कॉर्ड येते (कॉर्ड म्हणजे काही सूर एकत्र वाजवायला बोटांची ठरावीक मांडणी), तिथं अडतात, "अरे यार" म्हणतात, आणि परत पहिल्यापासून सुरू करतात. म्हणजे जे येतं ते पन्नास वेळा वाजलं आणि जे येत नाही त्याला दरवेळी दोन सेकंद मिळाले, तेही गडबडीत. असं महिनाभर करा, पहिल्या दोन ओळी झकास होतील आणि तिसरी जिथं होती तिथंच राहील. म्हणून गाणं बाजूला ठेवा, फक्त तो बदल घ्या, आधीची कॉर्ड आणि अडणारी कॉर्ड, दोनच, आणि पाच मिनिटं तेवढंच करा.

हा बदल जवळून बघितला तर त्यात बरंच काही दिसतं. सी मधून ए मायनरला जाताना पहिलं आणि मधलं बोट उचलायचंच नसतं, दोघंही आपल्या जागेवर राहतात, फक्त अनामिका पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरून तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर येते. पण नव्वद टक्के पोरं तिन्ही बोटं हवेत उचलतात आणि परत तिन्ही खाली ठेवायला जागा शोधतात. ए मायनरमधून ई ला जाताना तर आकार तोच आहे, तिन्ही बोटं तशीच्या तशी एकेक तार वर सरकवायची, जाड तारेकडं. जी आणि डी मध्ये, जी जर चार बोटांची धरली तर, अनामिका दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर दोन्हीकडं असते, ती खुंटी म्हणून तिथंच राहू द्यायची आणि बाकीची बोटं तिच्याभोवती फिरवायची. प्रत्येक बदलात आधी हे शोधा की कोणतं बोट जागचं हलत नाही आणि कोणतं कमी हलतं. मग हळू, अगदी हळू, मेट्रोनोम, म्हणजे एकसारखी टिकटिक करून लय धरून देणारं यंत्र, साठवर (मिनिटाला साठ टिकटिक) लावून चार टिकटिकला एक बदल. मेट्रोनोमची फुकटची अॅप्स आहेत, एकदा उतरवून घेतली की नेट नसलं तरी चालतात. बदल स्वच्छ येत असेल तरच चार-पाचनं वाढवा, तुटला की परत खाली या, यात कमीपणा काही नाही.

तार दाबायचा जोर हा दुसरा मुद्दा. बोट फ्रेटच्या तारेच्या अगदी मागं ठेवायचं, मधोमध नाही आणि तारेवरही नाही. आता एक करून बघा, एखादी तार नीट दाबून वाजवा, आणि वाजवत वाजवत बोट हळूहळू सैल करत जा, एका जागी ती खरखरायला लागेल, तिथून अगदी किंचित जोर वाढवा, आवाज परत साफ होईल. तुम्हाला लागणारा जोर एवढाच आहे. पहिल्यांदा करून बघणारा प्रत्येक माणूस चकित होतो, कारण तो याच्या दुप्पट-तिप्पट जोर लावत असतो, खांदाही वर चढलेला, दातही दाबलेले. रोज बसल्यावर पहिल्या दोन मिनिटांत हेच करा, हाताला रोज आठवण द्यावी लागते. कापूस वेचणीच्या दिवसांत बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटं खरचटलेली असतात, तेव्हा तर हा कमी जोराचा हात फारच कामी येतो. आणि फवारणी करून आला असाल तर साबणानं हात दोनदा धुतल्याशिवाय गिटारला हात लावू नका, ती तार आणि ते बोट नंतर कुठं कुठं लागतं सांगता येत नाही.

थोडं शास्त्राचंही सांगतो, कारण "रोज थोडं थोडं" हे नुसतं मोठ्या माणसांचं बोलणं नाही. १९७९ साली शे आणि मॉर्गन या दोन अमेरिकन संशोधकांनी हातानं छोटे अडथळे ठरावीक क्रमानं पाडायचं काम लोकांना दिलं. काहींनी एकच क्रम सलग घोटला, मग दुसरा, मग तिसरा. काहींनी तिन्ही क्रम मिसळून केले. सरावाच्या वेळी सलग घोटणारेच पुढं होते, पण दहा दिवसांनी परत तपासलं तेव्हा मिसळून करणाऱ्यांच्या हाताला जास्त चांगलं लक्षात राहिलेलं निघालं. म्हणून मी सांगतो की एकच बदल तासभर घोटू नका, पाच मिनिटं सी-जी, मग पाच मिनिटं उजव्या हाताचा ठेका, मग पाच मिनिटं सरगम, आणि शेवटी परत सी-जी. त्या शेवटच्या फेरीला हात थोडा अडखळतो आणि कंटाळा येतो, पण शिकणं तिथंच होत असतं. दुसरं म्हणजे झोप. २००२ साली हार्वर्डच्या मॅथ्यू वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोटांनी ठरावीक क्रमानं बटणं दाबायचा सराव लोकांकडून करून घेतला, आणि मध्ये काहीही सराव न करता नुसती रात्रीची झोप झाल्यावर त्यांचा वेग साधारण वीस टक्क्यांनी वाढलेला दिसला. म्हणजे रात्री झोपायच्या आधी वीस मिनिटं नीट केलेलं काम सकाळपर्यंत मुरतं. रविवारी चार तास बसून आठवडाभर हात न लावणाऱ्याला या सहा रात्रींचा काहीच फायदा मिळत नाही.

आता माझ्या सगळ्यात जवळचा विषय, ठेका. डावा हात सगळे शिकतात, यूट्यूबवर पण डाव्या हाताचेच फोटो मोठे मोठे असतात, आणि उजवा हात आपोआप येईल असं धरून चालतात. तो आपोआप येत नाही. पण आपण विदर्भातली माणसं, आपल्याकडं तर ठेक्याची शाळाच आहे हो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९-१९६८) आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचे, मोझरीला त्यांचा गुरुकुंज आश्रम, आणि त्यांची खंजिरी भजनं गावोगाव पोचलेली. आजही किती तरी गावांत संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते, भजन मंडळ बसतं, पेटी, तबला किंवा ढोलक, टाळ आणि खंजिरी. हे सोडून आपण मोबाइलमध्ये डोकं घालून 'डाऊन डाऊन अप अप डाऊन अप' पाठ करत बसतो.

आमच्या मंडळातले पेटी वाजवणारे आबाजी पंच्याहत्तरीचे आहेत. मी गिटार घेऊन पहिल्यांदा बसलो तेव्हा ते डोळे मिटून गात होते, पण मी कॉर्ड बदलायला थांबलो की त्यांचे डोळे उघडायचे. भजन झाल्यावर म्हणाले, "बोटाईकडे काहून पाहून राहिला बाप्पा? ठेका आइक ना. सूर चुकला तं चुकला, पण हात थांबू देऊ नोको." एवढंच. मला वाटतं गिटारवर लिहिलेल्या कितीतरी पानांत जे सापडत नाही ते या तीन वाक्यांत आहे. कॉर्ड वेळेवर नाही आली तर न येऊ द्या, मोकळ्या तारांवर हात फिरू द्या, पुढच्या समेवर पकडा, पण उजवा हात थांबता कामा नये. गाणाऱ्याला चुकीचा सूर एक क्षण खटकतो, थांबलेला ठेका त्याला पाडतो.

आता हे गिटारवर कसं आणायचं ते सांगतो. केरवा घ्या, आठ मात्रा, धा गे ना ति ना क धि ना. गिटारवर सगळ्यात जास्त चालणारा जो स्ट्रमिंगचा, म्हणजे तारांवरून हात वर-खाली फिरवायचा, प्रकार आहे, डाऊन, डाऊन-अप, अप-डाऊन-अप, तो या आठ मात्रांत जसाच्या तसा बसतो. उजवा हात प्रत्येक मात्रेला हलतो, एक खाली, दोन वर, तीन खाली, चार वर, असा आठपर्यंत, लंबकासारखा न थांबता. फक्त दुसऱ्या मात्रेला, म्हणजे 'गे' वर, हात वर जातो पण तारेला लागत नाही, आणि पाचव्या मात्रेला, दुसऱ्या 'ना' वर, हात खाली येतो पण तारेला लागत नाही. बाकी सहा जागी लागतो. झालं, हाच तो स्ट्रमिंग पॅटर्न. ज्याला हा पाठ होत नाही त्याला मी सांगतो की गिटार खाली ठेव, तोंडानं धा गे ना ति म्हण आणि मांडीवर हात हलव, 'गे' ला आणि पाचव्याला हवेत. दोन दिवसांत येतं, कारण केरवा लहानपणापासून कानात आहेच, तो फक्त हातात उतरवायचा असतो. खंजिरीवाल्या भाऊच्या शेजारी बसून केलं तर आणखी लवकर येतं, कारण मेट्रोनोम तुमच्याकडं बघत नाही आणि खंजिरीवाला बघतो, तुम्ही मागं पडायला लागले की तो मान हलवून तुम्हाला ओढून घेतो.

हा मांडीवरचा रियाज मी सगळ्यात जास्त कुठं केला तर वावरात, रात्री. ज्यांच्याकडं विहीर आहे त्यांना माहीत आहे, कृषी पंपाची लाइन एका आठवड्यात दिवसा तर एका आठवड्यात रात्री, आणि हरभऱ्या-गव्हाला पाणी द्यायचं तर जानेवारीच्या थंडीत मोटर सुरू करून दांड फोडत बसावं लागतं. एक सरी भरेपर्यंत काहीच काम नसतं. गिटार दवात न्यायची नाही, पण उजवा हात तर बरोबरच असतो ना. शालीच्या आत मांडीवर केरवा, दादरा, हळू, जलद, परत हळू. मोटरचा आवाज एकसारखा घुमत असतो, त्याच्यातच एक सूर पकडायचा आणि त्याला सा मानून सरगम गुणगुणायची. ज्यांच्याकडं वेळ नाही असं वाटतं त्यांनी हे करून बघा. लाइन गेल्यावर घरातल्या अंधारात वाजवणंही असंच फायद्याचं, डोळ्यांना काही दिसत नाही म्हटल्यावर बोटं स्वतःची जागा शोधायला शिकतात आणि कान उघडतो. थंडीत मात्र आधी हात चोळून गरम करून घ्या, गार बोटांनी एकदम जोरात सुरू करू नका.

पेटीबरोबर वाजवायचं तर पट्टी जुळली पाहिजे, आणि इथं बरेच गिटारवाले घाबरतात कारण त्यांना सी, जी, डी माहीत असतं आणि आबाजी म्हणतात "काळी एक". यात घाबरण्यासारखं काही नाही. पेटीतली पांढरी एक म्हणजे सी, पांढरी दोन डी, पांढरी तीन ई, पांढरी चार एफ, पांढरी पाच जी, पांढरी सहा ए. काळी एक म्हणजे सी शार्प, काळी दोन डी शार्प, काळी तीन एफ शार्प, काळी चार जी शार्प, काळी पाच ए शार्प. गिटारवर एक फ्रेट म्हणजे पेटीवरची पुढची पट्टी, काळी-पांढरी सगळ्या धरून. बारा फ्रेट गेले की परत तोच सूर वरच्या सप्तकात, आणि बारावा फ्रेट बरोबर तारेच्या मधोमध असतो, मोजून बघा.

मग कॅपो घ्या, तो चिमटा येतो ना सगळ्या तारा एकदम दाबणारा, तो. साध्या भजनाला बहुतेक वेळा तीन कॉर्ड पुरतात, सा ची, म ची आणि प ची. सा जर डी धरला तर डी, जी, ए. सा जी धरला तर जी, सी, डी. सा ए धरला तर ए, डी, ई. या तिन्हींत एफ येतच नाही, सगळ्या सोप्या. आता काळी एक असेल तर कॅपो चौथ्या फ्रेटवर आणि ए, डी, ई वाजवा. काळी दोन असेल तर कॅपो पहिल्यावर आणि डी, जी, ए. पांढरी चार असेल तर कॅपो तिसऱ्यावर आणि डी, जी, ए. पुरुष मंडळी बहुतेक काळी एक-दोनच्या आसपास गातात, बायकांच्या भजन मंडळात काळी चार नाहीतर काळी पाच निघते, तेव्हा काळी चारला कॅपो पहिल्यावर आणि काळी पाचला तिसऱ्यावर, दोन्हीकडं जी, सी, डी. हे एका कागदावर लिहून गिटारच्या कव्हरमध्ये ठेवा, पहिले काही दिवस बघून करा, मग लक्षात राहतं.

एक गोष्ट मात्र आहे, गावातली जुनी पेटी बऱ्याचदा ट्यूनर अॅपच्या सुरात नसते. अॅप ए सूर ४४० हर्ट्झ धरून चालतं, पेटीचे सूर वर्षानुवर्षांत थोडे वर-खाली सरकलेले असतात. पेटी तर तिथं बसून जुळवता येत नाही, म्हणून गिटार पेटीला जुळवायची. आबाजींना पांढरी सहा दाबून धरायला सांगा, पाचवी तार मोकळी वाजवा, ती ए आहे, दोन्ही सूर एकत्र ऐकताना जर आवाज वाँव-वाँव असा हेलकावे खात असेल तर अजून जुळला नाही, खुंटी अगदी हळू फिरवा, हेलकावे मंद होत होत थांबतील, तिथं सूर मिळाला. मग बाकीच्या तारा त्याच्यावरून. कानासाठी याच्याहून चांगला रियाज मला माहीत नाही, आणि यात अॅपचं काहीच काम नाही.

कानाचंच आणखी एक. कोणतीही एक तार घ्या, मोकळी तार सा धरा, मग रे दुसऱ्या फ्रेटवर, ग चौथ्यावर, म पाचव्यावर, प सातव्यावर, ध नवव्यावर, नी अकराव्यावर आणि वरचा सा बाराव्यावर. प्रत्येक सूर आधी तोंडानं म्हणा, मग वाजवून बघा की बरोबर होता का. क्रम महत्त्वाचा आहे, आधी गळा, मग तार. आधी वाजवून मग म्हणाल तर कान आयतं खातो. याच्यातूनच पुढं कॉर्डही समजतात, सा-ग-प एकत्र म्हणजे मेजर कॉर्ड, आणि ग एक फ्रेट खाली कोमल केला की मायनर. ज्यानं शाळेत पेटीवर सा-रे-ग-म केलं आहे त्याला ही थिअरी दहा मिनिटांत कळते, आणि इंग्रजी पुस्तकांतून शिकणाऱ्याला महिने लागतात, आपल्याकडं जे आधीच आहे त्याच्यावरून चढणं केव्हाही सोपं.

एफ बद्दल पण लिहितोच, कारण त्याच्यावरूनच सगळ्यात जास्त पोरं सोडून देतात. पहिल्या फ्रेटवर सहाही तारा एका बोटानं दाबणं हे गिटारवरच्या अवघड कामांपैकी एक आहे, नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या, अगदी शेजारी तार कडक लागते. म्हणून तिथून सुरुवातच करू नका. तोच आकार पाचव्या फ्रेटवर धरा, तिथं ती ए कॉर्ड होते, आणि दाबायला बरीच सोपी. तिथं स्वच्छ यायला लागली की चौथ्यावर, मग तिसऱ्यावर, असं आठवड्या-आठवड्यानं खाली या. पहिलं बोट सपाट न ठेवता अंगठ्याच्या बाजूला किंचित वळवा, त्या बाजूचं हाड कडक असतं, मऊ भागात तार रुतते. आणि अंगठ्यानं मागून चिमटण्यापेक्षा कोपर थोडं अंगाकडं घेऊन अख्ख्या हाताच्या वजनानं ओढा. तोपर्यंत गाण्यात एफ आली तर छोटी एफ, नुसत्या पातळ चार तारांची, किंवा पहिली तार मोकळी सोडून एफ मेजर सेव्हन. गाणं थांबत नाही.

व्हिडिओ बघण्याबद्दल एवढंच सांगेन की एका वेळी एकाच शिकवणाऱ्याचे बघा आणि पाच मिनिटं बघितलं की बंद करून पंधरा मिनिटं करा. बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं, ते डोक्याला समजलेलं असतं, हाताला नाही. त्यापेक्षा मोबाइलचा दुसरा उपयोग जास्त चांगला आहे, स्वतःचं वाजवणं रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऐका. वाजवताना जे ऐकू येत नाही ते सगळं दुसऱ्या दिवशी ऐकू येतं, कुठं ठेका पळाला, कुठं तिसरी तार मुकी राहिली, कुठं कॉर्ड बदलताना छोटासा खड्डा पडला. तो खड्डा हाच त्या दिवशीच्या रियाजाचा विषय. वेगळी वही-बिही ठेवायची असेल तर ठेवा, पण हे रेकॉर्डिंग सोडू नका.

सध्या माझा दादरा चालू आहे, सहा मात्रा, धा धी ना धा ती ना. पहिल्या मात्रेला अंगठ्यानं कॉर्डची खर्जाची तार, मग दोन हलके स्ट्रोक, चौथ्या मात्रेला दुसरी एखादी जाड तार, परत दोन हलके. जी धरली असेल तर पहिल्याला सहावी तार आणि चौथ्याला चौथी, सी ला पाचवी आणि चौथी, डी ला चौथी आणि मग पाचवी. हळू वाजवताना सगळं नीट येतं, मंडळ रंगात आलं आणि लय चढली की चौथ्या मात्रेचा अंगठा मागं राहतो, रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट कळतं. ऑक्टोबरमध्ये महाराजांच्या पुण्यतिथीचा कार्यक्रम आहे, सोयाबीन निघून कापूस सुरू व्हायच्या मधल्या दिवसांत, आबाजींनी त्यात दोन भजनं दादऱ्याची घेतली आहेत आणि मला पेटीच्या डाव्या बाजूला बसायला सांगितलं आहे. तोपर्यंत रोज रात्री जेवण झाल्यावर नुसता उजवा हात, नुसता अंगठा, साठच्या लयीपासून.